ग्राहकांकडून आलेली रक्कम कोणत्या बिलापोटी आहे, हे ठरवण्यासाठी मशीन लर्निंग वापरावे का? सल्ला हवा आहे

रोजकीर्द

नमस्कार. भोसरी एमआयडीसीतील बेअरिंग, ऑइल सील आणि नटबोल्ट यांच्या घाऊक विक्रीच्या एका पेढीत मी हिशेब पाहते. आमचे ग्राहक दोन प्रकारचे आहेत. चाकण-तळेगावच्या मोठ्या कंपन्या आरटीजीएस किंवा एनईएफटीने अनेक बिलांची रक्कम एकत्र पाठवतात. भोसरी, चिंचवड आणि कोल्हापूरजवळच्या शिरोलीतील लहान वर्कशॉपवाले मात्र कधी चेक देतात, तर कधी यूपीआयने पन्नास हजार, पंचवीस हजार अशा गोल रकमा पाठवतात, आणि त्याही बऱ्याचदा पत्नीच्या किंवा भावाच्या खात्यातून येतात.

हिशेब टॅलीत असून बिलवार तपशील चालू ठेवलेला आहे. तरीही बँकेच्या नोंदीत बिल क्रमांक क्वचितच येत असल्यामुळे निम्म्या रकमा ‘ऑन अकाउंट’ किंवा सस्पेन्समध्ये, म्हणजे कोणत्याही बिलाला न लागता, पडून राहतात, येणेबाकीच्या यादीत भरलेली बिले थकीत दिसतात आणि थकीत बिलाच्या नावाखाली गोदामातून माल सुटत नाही. एका सॉफ्टवेअर विक्रेत्याने त्यांची प्रणाली मशीन लर्निंगच्या आधारे नव्वद टक्के जुळणी आपोआप करते, असा दावा केला आहे. आमची मर्यादा वर्षाला दीड लाख रुपये आहे. कोणी असे काही प्रत्यक्ष वापरले असल्यास कृपया अनुभव सांगावा.

दुबईकर_हिशेबनीस

आमच्या कंपनीत एसएपी ही मोठ्या उद्योगांसाठीची प्रणाली आहे आणि त्याचे कॅश अ‍ॅप्लिकेशन हे मशीन लर्निंगवर चालणारे अंग आम्ही वापरतो. बँकेचे एमटी940 स्वरूपातील विवरण रात्री प्रणालीत येते, पूर्वीच्या जुळण्यांवरून शिकलेले प्रारूप (मॉडेल) प्रत्येक रकमेसमोर संभाव्य बिले मांडते, आणि सकाळी आमच्याकडील माणसे केवळ शंकास्पद नोंदी तपासतात. माझा स्पष्ट सल्ला असा आहे की टॅलीत गुंतून न राहता आपण एसएपीकडे वळावे. दीड लाखाची मर्यादा मनात धरून असे दीर्घकालीन निर्णय घेऊ नयेत.

शंभर_नंबरी

एवढा खटाटोप कशासाठी? बँकेकडून प्रत्येक ग्राहकासाठी आपल्याच खात्याला जोडलेला स्वतंत्र व्हर्च्युअल खाते क्रमांक घ्यावा. पैसे ज्या क्रमांकावर आले तो ग्राहक, इतका साधा मामला आहे. आम्ही ही सोय घेतल्यापासून ‘हे पैसे कोणाचे’ हा प्रश्न आमच्या कार्यालयात कोणी विचारलेला नाही.

चाकण_फाटा

वरील प्रतिसादाशी मी सहमत नाही. आम्हीही व्हर्च्युअल खाती घेतली होती. मोठ्या कंपन्यांच्या प्रणालीत विक्रेत्याचा खाते क्रमांक बदलायचा म्हणजे रद्द केलेला चेक, कंपनीच्या लेटरहेडवरील पत्र आणि दूरध्वनीवरून खातरजमा एवढे सोपस्कार असतात, आणि खाते बदलाच्या बनावट ईमेलमुळे झालेल्या फसवणुकी पाहता त्यांचे काही चुकते असेही नाही. परिणामी निम्मे ग्राहक जुन्याच खात्यात पैसे भरत राहिले आणि आम्ही दोन खाती पाहू लागलो. शिवाय व्हर्च्युअल खाते ग्राहक कोण ते सांगते, बिल कोणते ते सांगत नाही, आणि ताईंचा प्रश्न बिलाचा आहे.

जुना_हिशेब

पस्तीस वर्षे हिशेब लिहिणाऱ्या माणसाचे ऐकणार असाल तर सांगतो. आलेली रक्कम सर्वांत जुन्या बिलाला लावावी, उरलेली त्यापुढच्या बिलाला. ही पद्धत आमच्या शेठजींच्या वडिलांपासून चालत आलेली असून तिला संगणकही लागत नाही. कायदाही हेच सांगतो.

कलमनवीस

मी व्यवसायाने सनदी लेखापाल आहे, म्हणून ‘कायदाही हेच सांगतो’ या विधानाची दुरुस्ती करतो. भारतीय करार अधिनियम, 1872 मधील कलमे 59 ते 61 नेमकी याच विषयावर आहेत. रक्कम कोणत्या देण्यापोटी आहे हे देणाऱ्याने सांगितले असेल, किंवा परिस्थितीवरून तसे सूचित होत असेल, तर ती त्याच देण्याला लावावी लागते. त्याने काहीच सूचित केले नसेल तर कोणत्याही वैध देण्याला, अगदी मुदतबाह्य झालेल्या देण्यालाही, ती लावण्याची मुभा घेणाऱ्याला असते. दोघांनीही काही ठरवले नसेल तेव्हाच काळाच्या क्रमाने, म्हणजे जुने आधी, हा नियम लागू होतो.

कलम 59 खालील एका उदाहरणात, अनेक देण्यांपैकी 567 रुपयांच्या एका देण्याची मागणी होते आणि देणेकरी बरोबर 567 रुपयेच पाठवतो, तेव्हा ती रक्कम त्याच देण्याला लावावी असे म्हटले आहे. रकमेच्या तंतोतंत जुळणीला पुरावा मानण्याची कल्पना संगणकाच्या कितीतरी आधीची आहे, हे यावरून दिसते.

जुना_हिशेब

कलमे सांगून वसुली होत नाही. जुने बिल आधी, हेच बरोबर.

वसुलीवीर

आयकराच्या 43बी(एच) म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तरतुदीनुसार लहान पुरवठादारांचे पैसे उशिरात उशिरा 45 दिवसांत न दिल्यास खरेदीदाराला त्या वर्षी त्या खर्चाची वजावट मिळत नाही, त्यामुळे थकबाकीचा हा सगळा प्रश्न आपोआप सुटत चालला आहे. ताईंनी उद्यम नोंदणी करून घ्यावी, सॉफ्टवेअर कशाला हवे?

कलमनवीस

ती तरतूद सूक्ष्म आणि लघु उत्पादक व सेवा पुरवठादारांसाठी आहे. घाऊक व किरकोळ व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी मिळत असली तरी तिचा उपयोग प्राधान्य क्षेत्रातील कर्जापुरताच आहे, आणि ताईंची पेढी व्यापारी आहे. शिवाय पैसे वेळेवर आले तरी ते कोणत्या बिलाचे, हा प्रश्न राहतोच.

वसुलीवीर

आमच्या सल्लागाराने वेगळे सांगितले आहे. असो.

रोजकीर्द

सर्वांचे आभार. एक तपशील राहिला होता. मोठ्या कंपन्या ज्याला आपण सगळे 194क्यू म्हणून ओळखतो तो 0.1 टक्का टीडीएस कापतात, तोही वर्षातील खरेदी 50 लाखांच्या पुढे गेल्यावर. उदाहरणार्थ, 1,00,000 रुपयांचा माल आणि 18 टक्के जीएसटी मिळून 1,18,000 रुपयांचे बिल असेल तर सप्टेंबरपर्यंत पूर्ण रक्कम येते आणि ऑक्टोबरपासून त्याच ग्राहकाकडून 1,17,900 येऊ लागतात. त्यात रिजेक्शनची, म्हणजे नाकारलेल्या मालाची, डेबिट नोट आणि दरातील फरक वजा झाला की रकमेवरून काहीच कळत नाही. आणि दुबईकर साहेब, मर्यादा खरोखरच दीड लाखाची आहे.

विदागार

मी अशा प्रणाली बांधण्याचे काम करतो, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

पहिली गोष्ट, विक्रेत्याला ‘नव्वद टक्के कशाचे’ असे विचारावे. नोंदींच्या संख्येचे नव्वद टक्के आणि रुपयांचे नव्वद टक्के यांत मोठे अंतर असते, कारण एका बिलाला एक तंतोतंत रक्कम अशा सोप्या नोंदी संख्येने पुष्कळ असतात आणि त्या साध्या नियमानेही जुळतात. त्या वगळून उरलेल्या नोंदींवर प्रणाली काय करते, हे तुमच्याच मागील तीन महिन्यांच्या नोंदींवर दाखवायला सांगावे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे आणि ती विक्रेते सहसा बोलत नाहीत. प्रारूप जुन्या जुळण्यांवरून शिकते. परंतु टॅलीतील जुना इतिहास म्हणजे तुमच्याकडील माणसाने रक्कम कोठे लावली याची नोंद आहे. ग्राहकाच्या मनात कोणते बिल होते याची ती नोंद असेलच असे नाही. जेथे वर्षानुवर्षे ‘जुने आधी’ या पद्धतीने रकमा लावल्या गेल्या, तेथे प्रारूप मोठ्या आत्मविश्वासाने ‘जुने आधी’ एवढेच शिकते, चाचणीतही उत्तम गुण मिळवते आणि ग्राहकाशी खाते जुळवताना उघडे पडते. म्हणून ज्या रकमांसोबत ग्राहकाची पेमेंट अ‍ॅडव्हाइस (कोणत्या बिलापोटी किती पैसे पाठवले याची सूचना) आली होती, किंवा ज्या ग्राहकाच्या खात्याची शिल्लक त्याने लेखी मान्य केली आहे, तेवढ्याच जुळण्या शिकवण्यासाठी घ्याव्यात. त्या थोड्या असल्या तरी चालतील.

तिसरी, काम दोन टप्प्यांत तोडावे. रक्कम कोणाची, हा पहिला टप्पा आणि कोणत्या बिलांची, हा दुसरा. पहिल्या टप्प्यासाठी बहुधा मशीन लर्निंग लागतच नाही. पाठवणाऱ्याचे नाव किंवा यूपीआयचा पत्ता एकदा माणसाने एखाद्या ग्राहकाशी जोडला की तो सारणीत साठवावा, म्हणजे वहिनींच्या खात्यातून आलेले पैसे दुसऱ्या वेळी थेट ग्राहकाच्या खात्यात दिसतील. नोंदीतील इतर आकडे वेगळे काढणेही सोपे आहे, कारण एनईएफटीचा यूटीआर (व्यवहार क्रमांक) 16 अक्षरांचा, आरटीजीएसचा 22 अक्षरांचा आणि यूपीआयचा संदर्भ 12 अंकी असतो. ते बाजूला केल्यावर जे आकडे उरतात त्यांतच बिल क्रमांक शोधायचा.

दुसऱ्या टप्प्यात मात्र शिकणाऱ्या प्रारूपाचा उपयोग होतो. प्रत्येक रक्कम आणि बिलांचा प्रत्येक संभाव्य गट यांच्यासाठी रकमेतील फरक, तो फरक 0.1 टक्का टीडीएस किंवा एखाद्या डेबिट नोटेशी जुळतो का, बिलाची मुदत संपून किती दिवस झाले, आणि हा ग्राहक महिन्याची बिले एकत्र भरतो की एकेक, अशी वैशिष्ट्ये काढावीत आणि निर्णयवृक्षांवर आधारलेल्या साध्या प्रारूपाने त्यांना गुण द्यावेत. 50 लाखांची मर्यादा ओलांडली आहे का, हेही एक वैशिष्ट्य म्हणून द्यावे, नाहीतर दर एप्रिलमध्ये प्रारूप गोंधळेल. चाचणीसाठीच्या नोंदी यादृच्छिकपणे निवडू नयेत. जुन्या महिन्यांवर शिकवून नंतरच्या महिन्यांवर तपासावे.

पायथनपंत

विदागार यांनी बिलांच्या ‘संभाव्य गटा’चा उल्लेख सहज केला आहे, पण खरी गोम तेथेच आहे. एका ग्राहकाची 30 बिले उघडी असतील तर त्यांचे सुमारे 107 कोटी निरनिराळे गट होतात. आम्ही घेतलेल्या एका प्रणालीने रुपयापर्यंत जुळणारा गट शोधून बिले बंद केली, आणि बेरीज अचूक असूनही बिले भलतीच निघाली. टीडीएस आणि सूट यांसाठी थोडी जरी सैल मर्यादा ठेवली तरी असे योगायोगाने जुळणारे गट झपाट्याने वाढतात. म्हणून सलग तारखांची बिले, एकाच पंधरवड्याची बिले किंवा एकाच खरेदी आदेशाची बिले एवढेच गट विचारात घ्यावेत आणि बाकीचे सोडून द्यावेत. हे सगळे स्वतः पायथनमध्ये लिहिता येते, विकत काहीही घेऊ नये.

शंभर_नंबरी

व्हर्च्युअल खाते घेतले असते तर पहिला टप्पा लागलाच नसता, हे मी आधीच सांगितले होते.

गोदामराखण

आमच्या मुलाने बँकेचे विवरण आणि बिलांची यादी एका चॅटबॉटला दिली, तेव्हा त्याने दोन मिनिटांत सुबक तक्ता करून दिला. फुकट काम झाले.

विदागार

त्या तक्त्याची बेरीज एकदा हाताने तपासून पाहावी, अशी विनंती आहे. ग्राहकांची नावे आणि खाते क्रमांक बाहेरच्या सेवेला देण्यापूर्वी मालकांची परवानगीही घ्यावी. पीडीएफमध्ये आलेल्या निरनिराळ्या स्वरूपांच्या पेमेंट अ‍ॅडव्हाइसमधून बिल क्रमांक वेचून काढण्यासाठी अशा भाषा-प्रारूपांचा चांगला उपयोग होतो. रकमांची सांगड घालण्यासाठी ती वापरू नयेत.

नागपूरकर_लेखनिक

वाणिज्य शाखेचा एक होतकरू मुलगा नेमावा. तो फोन करून ‘हे पैसे कोणत्या बिलाचे’ असे विचारील. यंत्र फोन करत नाही.

चाकण_फाटा

ताई, सुरुवात कोठून करावी याबद्दल तरी येथे बहुधा सर्वांचे एकमत होईल. मोठ्या कंपन्या आधी घ्याव्यात. त्यांच्या नोंदी स्वच्छ असतात आणि रकमा मोठ्या असतात. गोल रकमा पाठवणाऱ्या वर्कशॉपवाल्यांच्या नादी लागू नये, तेथे शिकण्यासारखे काही नसते.

दुबईकर_हिशेबनीस

सहमत. मोठे ग्राहक आधी. आणि एसएपीचा विचार अवश्य करावा.

विदागार

चाकण_फाटा यांच्याशी सहमत. गोल रकमांच्या बाबतीत ग्राहकाच्याच मनात कोणतेही बिल नसते, तेव्हा प्रारूपाला शोधण्यासारखे काही राहत नाही.

रोजकीर्द

सर्वांनी वेळ दिलात, आभारी आहे. मालकांशी बोलून निर्णय घेतला आहे आणि तो येथील एकमताच्या उलट आहे. आम्ही लहान वर्कशॉपवाल्यांपासून सुरुवात करणार आहोत.

कारण असे की मोठ्या कंपन्यांची अ‍ॅडव्हाइस बहुतेक वेळा ईमेलने येते आणि आमच्याकडील एकजण सकाळच्या वेळात ती लावून टाकतो. तेथे चूक झाली तरी महिन्याच्या खातेजुळणीत सापडते आणि माल अडत नाही. माल अडतो तो शिरोलीच्या ग्राहकाचा, कारण त्याने भावाच्या खात्यातून भरलेले पैसे सस्पेन्समध्ये असतात, जुने बिल थकीत दिसते आणि गोदामवाला टेम्पो भरायला नकार देतो. त्याच्या मनात कोणतेही बिल नसते, हे विदागार यांचे म्हणणे खरे आहे, आणि म्हणूनच कलमनवीस यांनी सांगितलेल्या कलम 60 नुसार तेथे निवड आमची असते. त्या ग्राहकांसाठी बिल ओळखण्याचे प्रारूप लागणारच नाही. ग्राहक ओळखला की रक्कम जुन्या बिलाला लावायची, म्हणजे जुना_हिशेब यांचाही मान राहतो. अपवाद एकच राहील, रक्कम एखाद्या बिलाशी रुपयापर्यंत जुळत असेल तर ती त्याच बिलाला लागेल.

विक्रेत्याची प्रणाली घेत नाही. आमचे टॅलीचे काम पाहणारे गृहस्थ पाठवणाऱ्यांची सारणी आणि नावांच्या साधर्म्यावरून ग्राहक सुचवणारा छोटा प्रोग्राम मर्यादेत बसवून देत आहेत. प्रोग्राम सुचवील, नोंद मात्र माणूसच करील, आणि नाकारलेल्या सूचनांसोबत कारणही लिहून ठेवले जाईल, म्हणजे पुढे मोठ्या ग्राहकांकडे वळायचे ठरले तर शिकवण्याजोगा इतिहास हाती असेल. विदागार यांना एक प्रश्न आहे. ‘श्री गणेश इंजिनिअरिंग’ आणि ‘श्रीगणेश इंजि. वर्क्स’ असे दोन वेगळे ग्राहक आमच्याकडे आहेत, आणि शिरोलीत या नावाचे आणखीही असतील. नावाच्या साधर्म्याची मर्यादा किती कडक ठेवावी?

विदागार

अशा नावांसाठी साधर्म्यावर विसंबू नये. ‘श्री’, ‘गणेश’, ‘इंजिनिअरिंग’, ‘वर्क्स’ हे शब्द तुमच्या यादीत वारंवार येत असल्यामुळे त्यांना अत्यल्प वजन द्यावे, आणि दोन ग्राहकांचे गुण जवळजवळ आले तर प्रोग्रामने एकही नाव पुढे न करता दोन्ही दाखवावीत. बँकेच्या नोंदीत नाव मध्येच तुटते, त्यामुळे नोंदीत जेवढी अक्षरे आली आहेत तेवढ्यांवरच तुलना करून पाहावी. चेक असेल तर त्यावरील खाते क्रमांकही सारणीत साठवता येईल.

जुना_हिशेब

शेवटी जुने बिल आधी, असेच ठरले ना?

कलमनवीस

ग्राहकाने काही सूचित केलेले नसेल, तर.