'घरची मंडळी' ग्रुप: छोटीला चर्चमध्ये कोणी ओळखत नाही

थोरली काकू: छोटीचा फोन आला होता. म्हणते, आता उपासनेला जाणार नाही. नवं शहर, नवी नोकरी. चर्चला जाते, बसते, गीतं गाते, आशीर्वाद झाला की खोलीवर परत. पाळक दारात हात मिळवतात पण दर वेळी नाव नव्यानं विचारतात. मला काही सुचत नाहीये.

आजोबा: बायबलमधलं इब्री लोकांस पत्र, इब्री १०:२५. एकत्र मिळणे सोडू नका.

धाकटे काका: मोबाइलवर बघ म्हणावं. मी तेच करतो. प्रवचन दोनदा ऐकता येतं.

आत्या: तू एकदा तरी पूर्ण ऐकलंस का? दोनदाचं सोड.

धाकटे काका: ताई, सकाळी सकाळी नको 🙏

छोटी: आई, हे तुला सांगितलं होतं. ग्रुपला नाही.

थोरली काकू: अगं, सगळे आपलेच आहेत.

छोटी: तेच तर. इथे सगळे आपले आहेत, तिथे कोणी नाही. आजोबा, माझा विश्वास गेलेला नाही. प्रार्थना रोज करते. पण इतक्या माणसांत बसून एकटं वाटलं की ते खोलीत एकटं असण्यापेक्षा जास्त लागतं.

आजोबा: इब्री १०:२५.

मी: छोटे, उपासना संपल्यावर थांबतेस का?

छोटी: थांबून काय करू ताई? सगळ्यांचे घोळके ठरलेले असतात.

आत्या: घोळके सगळीकडेच असतात. आपल्याकडे ते नवीन कुटुंब आलं होतं, त्यांना दुसऱ्या बाकावरून कोणी उठवलं होतं? थोरल्या वहिनींना आठवत असेल.

थोरली काकू: तो विषय आत्ता कशाला? तिथे गायकवृंद बसतो.

आत्या: बाकावर तसं लिहिलेलं नव्हतं. ते लोक परत आले नाहीत, एवढंच म्हणते.

थोरली काकू: बरं. तुम्ही म्हणाल तसं.

आजोबा: इब्री १०:२५ सर्वांनी वाचा.

मी: आजोबा, २४वं वचनही सांगा ना. एकमेकांकडे लक्ष द्या, प्रीतीसाठी आणि सत्कर्मांसाठी एकमेकांना उत्तेजन द्या, हे आधी येतं आणि मग एकत्र मिळण्याचं. लक्ष द्यायचं तर आधी माणूस माहीत हवा. रोमकरांस पत्राचा १६वा अध्याय आपण नावांची यादी म्हणून पटकन उलटतो. ते लिहिणारा प्रेषित पौल तोवर रोमला गेलाही नव्हता, तरी वीसहून जास्त माणसांना नावानं सलाम सांगतो. प्रिस्क आणि अक्विला यांच्या घरात जमणाऱ्या मंडळीला सांगतो. रूफाच्या आईला तर 'माझीही आई' म्हणतो. कोणाचं काय चाललंय हे त्याला ठाऊक होतं. छोटीला हेच हवंय, आणि ते मागणं चुकीचं नाही.

आजोबा: मी कुठे चुकीचं म्हणालो? पण एकत्र मिळणे सोडू नये.

धाकटे काका: आता मी पण बोलतो. ही आजारी होती तेव्हा चर्चमधून कोण आलं होतं? घरी आली ती थकलेल्या वर्गणीची चिठ्ठी. तेव्हापासून मी मोबाइलवर.

आत्या: तू कोणाला कळवलंच नव्हतंस रे.

धाकटे काका: तीन बाकं पुढे बसणारा माणूस दिसेनासा होतो. कळवायला लागतं?

आत्या: नाही लागायला पाहिजे. खरं आहे.

थोरली काकू: वर्गणीवरून आठवलं, नाताळच्या जमण्याची वर्गणी अजून दोघांची आलेली नाही. नावं घेत नाही.

धाकटे काका: नाव न घेता माझ्याकडे बघताय 😄

मी: वर्गणीचा विषय निघालाच आहे तर हेही ऐका. १७४२ साली इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला जॉन वेस्ली या धर्मोपदेशकांच्या लोकांवर प्रार्थनागृहाचं कर्ज होतं. ठरलं असं की प्रत्येकानं आठवड्याला एक पेनी द्यायची, आणि साधारण बारा जणांमागे एकानं घरोघर जाऊन ती गोळा करायची. जे देऊ शकत नाहीत त्यांची तो स्वतः भरेल. तर घरी गेल्यावर कळायला लागलं, कोण आजारी आहे, कोण दारूत बुडालंय, कुठे भांडणं आहेत. पुढे हे बारा जणच दर आठवड्याला एकत्र बसू लागले. वेस्लींच्या मेथडिस्ट चळवळीचा कणा तो. काका, तुमच्याकडे चिठ्ठी घेऊन येणारा माणूस दोन मिनिटं बसला असता तर?

धाकटे काका: तर मी चहा केला असता. आणि रडलो पण असतो बहुतेक.

आत्या: तू मला फोन करायचास रे 🙏

वहिनी: मी बोलू का? माझा बाप्तिस्मा झालेला नाही, त्यामुळे या विषयात मी सहसा गप्प असते. लग्नानंतर रविवारी ह्यांच्याबरोबर जायचे. प्रभुभोजनाची भाकर-द्राक्षारस घ्यायला बाप्तिस्मा झालेले उठायचे आणि मी बाकावर एकटी उरायचे, तेव्हा कुठे बघावं कळायचं नाही. मग महिला मंडळाच्या एका बाई मला बुधवारच्या गृहसभेला घेऊन गेल्या. सहा-सात जणी. तिथे कोणी मला तपासलं नाही. पुढच्या आठवड्यात एकीनं विचारलं, तुझ्या बाबांचा गुडघा कसा आहे? मी ते एकदाच बोलले होते. त्या दिवसापासून मला ते माझं वाटतं.

आत्या: हे तू कधी सांगितलं नाहीस गं.

वहिनी: कोणी विचारलं नाही, आत्या.

मी: कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये 'देवाचा दरबार' नावाचा बंधुसंघ सुरू केला, तो बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या, दोन्ही ख्रिस्तभक्तांसाठी होता.

आजोबा: सूनबाई, तुझं हे मला माहीत नव्हतं. तू बोललीस ते बरं झालं.

छोटी: वहिनी, पण तुम्हाला न्यायला कोणीतरी आलं. मला कोण नेणार?

मी: तेच खरं दुखणं आहे. शौल, म्हणजे पुढचा पौल, आधी ख्रिस्ती लोकांचा छळ करायचा; म्हणून तो यरुशलेमला आला तेव्हा शिष्यसुद्धा त्याला भीत होते. बर्णबा नावाच्या शिष्यानं त्याला आपल्याबरोबर नेऊन प्रेषितांना भेटवलं (प्रेषितांची कृत्ये ९:२७). हे काम जुन्यांचं आहे, नव्यानं दार ठोठावत बसू नये. पण तुझ्याकडचे जुने जागे होईपर्यंत तूच एकीला गाठ. ज्या बाई दर रविवारी गीतांची पुस्तकं वाटतात, त्यांना म्हण, मी मदत करू का? हातात काम असलं की लोक आपोआप नाव विचारतात. आणि गृहसभा कुठे भरते तेही विचार.

धाकटे काका: आणि तरीही कोणी विचारलं नाही तर चर्च बदल.

आजोबा: चर्च बदलत राहणं बरं नाही. इब्री १०:२५.

आत्या: बाबा, त्या वचनात कुठल्या इमारतीत ते लिहिलेलं नाही. मन लावून प्रयत्न केल्यावर बदललं तर पाप नाही. फक्त छोटे, जिथे पहिल्याच दिवशी गळ्यात पडतील आणि महिन्याभरात 'घरच्यांशी बोलू नकोस' म्हणतील, तिथून तडक बाहेर पड. प्रेम करणारी माणसं आपल्या माणसांपासून तोडत नाहीत.

थोरली काकू: हे ताईंचं एकदम पटलं. आणि त्या बाकाचं... मी त्या कुटुंबाला फोन करते. नंबर आहे का कोणाकडे?

आत्या: माझ्याकडे आहे. वेगळा पाठवते. आपण दोघी जाऊ.

छोटी: आमच्या पत्रकात मागच्या पानावर घरातल्या प्रार्थनागटांची यादी असते. एक माझ्या खोलीपासून चालत जाण्याएवढा जवळ आहे. वहिनी, पहिल्याच दिवशी मोठ्यानं प्रार्थना करायला लावतात का?

वहिनी: 'आज ऐकते' म्हणायचं. मी कितीतरी आठवडे तेवढंच म्हणत होते, कोणी काही बोललं नाही.

छोटी: ठीक. मग विचारते.