शब्दचर्चा : ‘स्टँडर्डाइज्ड टेस्ट’, ‘रेस’ आणि ‘अचीव्हमेंट गॅप’ मराठीत कसं लिहावं?

इथे न्यू जर्सीत मुलांच्या शाळेतले काही पालक आणि शिक्षक चाचण्यांचे निकाल वंशगटांनुसार मांडून त्यावर बोलतायत. मराठी शाळेतल्या पालकांसाठी आणि भारतातून आलेल्या आजी-आजोबांसाठी मी त्याचं टिपण करतेय. वरच्या तीन शब्दांवर गाडी अडलीय. ‘प्रमाणित चाचणी’ सगळीकडे दिसतं, पण मला ते खटकतं. तुम्ही काय लिहाल?

प्रतिसाद १
ताई, खटकतं ते बरोबरच आहे. प्रमाणित प्रत, प्रमाणित बियाणं म्हणजे कुणीतरी तपासून खात्री दिलेली वस्तू. ‘प्रमाणित चाचणी’ वाचणाऱ्याला वाटेल की चाचणी योग्य असल्याचं सिद्ध झालंय, आणि तुमच्याकडे वाद आहे तो त्यावरच. ‘प्रमाणीकृत चाचणी’ लिहा. सूचना त्याच, वेळ तेवढाच, तपासायची रीत एकच, एवढाच त्याचा अर्थ. ती न्याय्य आहे की नाही, हा प्रश्न मोकळा राहतो.

तो मोकळा ठेवायलाच हवा. ‘सॅट’, म्हणजे अमेरिकेतली कॉलेजप्रवेशासाठीची चाचणी, १९२६ साली सुरू झाली. ती घडवणारे कार्ल ब्रिगम यांनी १९२३ मध्ये लष्करातल्या चाचण्यांच्या गुणांवरून उत्तर युरोपीय वंशाचे लोक बुद्धीने श्रेष्ठ असल्याचं लिहिलं होतं. १९३० मध्ये त्यांनी स्वतःच तो निष्कर्ष मागे घेतला. पण चाचण्यांवरचा विश्वास टिकून राहिला. कॅलिफोर्नियात बुद्ध्यंक चाचणीच्या आधारावर कृष्णवर्णीय मुलांना मोठ्या संख्येने ‘मतिमंदां’च्या वर्गात बसवत. ते चूक असल्याचा निकाल न्यायालयाने १९७९ मध्ये दिला. तोवर कितीतरी मुलांची शाळेची वर्षं त्या वर्गांत गेली होती. त्या सगळ्यांना दिलेली चाचणी ‘प्रमाणीकृत’च होती.

प्रतिसाद २
‘रेस’साठी ‘वंश’च. ‘वर्ण’ म्हटलं की आपल्याकडे मन थेट चातुर्वर्ण्याकडे जातं. ‘वंश’ म्हटल्यावर ‘वंशाचा दिवा’ आठवतो खरा, पण ‘वंशद्वेष’, ‘वंशवाद’ हे शब्द आता रुळलेत. मात्र तक्त्यातल्या रकान्यांसाठी ‘वंशगट’ लिहा. ते गट माणसांनी ठरवलेले असतात, हे त्यातून कळतं. अमेरिकेच्या १९७० च्या जनगणनेत भारतीयांची गणना गोऱ्यांत झाली. १९८० मध्ये त्यांच्यासाठी वेगळा पर्याय आला. माणसं तीच, रकाना बदलला.

आजही शाळेच्या अर्जावर आपली मुलं ‘आशियाई’. सॉफ्टवेअर इंजिनिअरचं मराठी मूल आणि लाओसमधून निर्वासित म्हणून आलेल्या ह्मोंग कुटुंबातलं मूल, दोघांचे गुण एकाच सरासरीत. आजी-आजोबा ती सरासरी पाहून ‘आपली मुलं हुशार’ म्हणून सुखावतील. तिथे एक ओळ जास्त लिहाच, ही माझी कळकळीची विनंती.

प्रतिसाद ३
‘अचीव्हमेंट गॅप’ म्हणजे वंशगटांच्या सरासरी गुणांतला फरक. त्यातल्या ‘अचीव्हमेंट’साठी आपल्याकडे ‘संपादणूक’ आहे. राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणामुळे शिक्षकांच्या तोंडी बसलाय. ‘गॅप’ला ‘दरी’ म्हणू नका. दरी निसर्गाने पाडलेली असते. ‘तफावत’ म्हटलं की ती कशामुळे, हा पुढचा प्रश्न आपोआप येतो. म्हणून ‘संपादणुकीतली तफावत’.

आणखी एक शब्द टिपणात हवाच. अमेरिकेतल्या शिक्षण-अभ्यासक ग्लोरिया लॅडसन-बिलिंग्ज यांनी २००६ मध्ये म्हटलं की नुसती तफावत काय मोजता, कृष्णवर्णीय आणि इतर वंचित मुलांचं समाजाकडून येणं पिढ्यान्‌पिढ्या साचलंय, ते बघा. त्यांनी वापरलेल्या ‘एज्युकेशन डेट’ या संज्ञेचं ‘शैक्षणिक कर्ज’ केलंत तर वाचणारा बँकेत पोचेल. ‘शैक्षणिक थकबाकी’ लिहा. थकबाकी म्हटलं की देणेकरी कोण, हे विचारावंच लागतं.

मूळ प्रश्नकर्ती
‘थकबाकी’ घेतला! आता एक अडचण. आमच्या गटात काही जण म्हणतात की मुलांना चाचणीला बसवूच नका. त्याला ‘बहिष्कार’ म्हणू का?

प्रतिसाद १
शिक्षकांनी एकत्र येऊन नकार दिला तर ‘बहिष्कार’ चालेल. सिएटलच्या गारफिल्ड हायस्कूलमधल्या शिक्षकांनी २०१३ मध्ये ‘मॅप’ ही तिथल्या शाळांतली प्रमाणीकृत चाचणी घ्यायला नकार दिला, तो बहिष्कारच. एकेका पालकाने मूल न बसवणं म्हणजे ‘चाचणीतून माघार’. आणि दुसरी बाजूही लिहा. २०१५ मध्ये नागरी हक्कांच्या बारा संघटनांनी या माघारीला विरोध केला होता. २००२ च्या कायद्याने तिसरी ते आठवीच्या मुलांची दरवर्षी वाचन-गणिताची चाचणी आणि वंशगटांनुसार निकाल सक्तीचे झाले. आकडेच नसतील तर कोणती मुलं मागे ठेवली गेली हे शाळेला विचारायचं कसं, असं त्या संघटनांचं म्हणणं. मला ते पटतं. आकडे हवेत. त्यांवरून मुलांची लायकी ठरवणं नको.

प्रतिसाद २
ताई, एक राहिलं. ‘पब्लिक स्कूल’ तसंच ठेवू नका, आपल्याकडे त्या नावाची शाळा भरमसाट फीची असते. ‘सरकारी शाळा’ लिहा आणि पुढे सांगा की तिचा बराच पैसा स्थानिक मालमत्ता करातून येतो. शेजारच्या दोन गावांच्या शाळांत इतका फरक का, याचं निम्मं उत्तर त्या ओळीत आहे.