मदत हवी आहे: सायफाय आरपीजीमध्ये कुणाचा हुकूम कुठपर्यंत चालवायचा?

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आता पुरती अडलेय म्हणून धागा काढतेय. लांबलंय, सांभाळून घ्या.

मी पाच जणांसाठी एक सायफाय आरपीजी कॅम्पेन चालवतेय (प्रत्येकाने एकेक पात्र घेऊन एकच लांबलचक गोष्ट खेळायची), साताठ महिने झाले. सिस्टीम घरगुतीच, इकडून तिकडून उचललेले नियम. लघुग्रहांच्या पट्ट्यात एक मोठं स्टेशन आणि त्यावर तीन गट: एक आरमार, ज्यांच्याकडे बंदुका आणि वॉरंट, दुसरी खाणकामगारांची युनियन, जिच्या ताब्यात हवा-पाण्याची यंत्रणा, आणि तिसरी वाहतूक कंपनी, जिच्या नावावर गोदीचा करार. प्लेयर तिन्हीकडे वाटलेत, दोन आरमारात, दोन युनियनमध्ये, एक कंपनीत. म्हटलं ताणाताणी होईल, मजा येईल. ताणाताणी भरपूर झाली.

झालं असं की आरमारातल्या एकाचं कॅरेक्टर इन्स्पेक्टर आहे, त्याने सरळ युनियनच्या भागात शिरून दुसऱ्या प्लेयरच्या कॅरेक्टरला अटक केली. म्हणाला, माझ्याकडे वॉरंट आहे, विषय संपला. तो बिचारा पुढची दोन सेशन कोठडीत बसून होता, म्हणजे खरं तर माइक म्यूट करून दुसरंच काहीतरी करत होता. मग कंपनीवालीने काढलं की गोदी आमची आहे, आरमाराचं जहाज आमच्या परवानगीशिवाय सुटणार नाही. मग युनियनवाला म्हणाला हवा बंद करतो. आणि तिघंही माझ्याकडे बघायला लागले, की सांग आता कुणाचं चालतं.

मी प्रत्येक वेळी त्या क्षणी जे सुचलं ते सांगितलं आणि तिथेच घोळ झाला, कारण आता तिघांनाही वाटतंय की मी दुसऱ्याची बाजू घेते.

करून पाहिलेले उपाय: आधी सगळ्यांना रँकचे आकडे दिले, मोठा आकडा छोट्याला हुकूम देणार. तर सगळे रँक वाढवण्याच्याच मागे लागले. मग तिन्ही गटांची कौन्सिल केली, प्रत्येकाला व्हेटो. त्यानंतर चार सेशन काहीच घडलं नाही, अक्षरशः काहीच, निव्वळ बारभाई कारभार. शेवटी कंटाळून सांगितलं की एकमेकांच्या कॅरेक्टरला हुकूम द्यायचेच नाहीत. भांडणं थांबली, पण इन्स्पेक्टरवाला विचारतो मग मी इन्स्पेक्टर कशाला झालो, आणि त्याचंही बरोबर आहे.

तर प्रश्न असा, की अधिकाराला लगाम तर हवा, पण अधिकार पोकळही व्हायला नको, हे तुम्ही कसं जमवता?

— — —

प्रतिसाद १

ताई, तुमच्या तीन गटांकडे तीन वेगळ्या गोष्टींचा अधिकार आहे आणि तुम्ही तो एकाच पट्टीने मोजताय, म्हणून रँकचे आकडे फसले. वॉरंट माणसावर चालतं, करार जागेवर चालतो आणि हवा कुणाचंच ऐकत नाही.

खऱ्या जगातलेच कायदे उचला, आयतं मटेरियल आहे. १९६७च्या अंतराळ कराराच्या आठव्या कलमानुसार यान ज्या देशाच्या रजिस्टरवर, त्या देशाचा हुकूम त्या यानावर आणि आतल्या माणसांवर, मग ते यान अंतराळात किंवा एखाद्या ग्रहगोलावर कुठेही असो. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्या १९९८च्या करारातही तसंच, ज्याने जे मोड्यूल नोंदवलं त्यावर त्याचा अधिकार, पण गुन्ह्याचा प्रश्न आला की आधी माणूस कुठल्या देशाचा ते बघायचं. म्हणजे एकाच बोगद्यात दहा पावलं चाललात की भिंतींचा मालक बदलतो, तुमचा मालक मात्र तोच. तुमच्या स्टेशनचा नकाशा काढा आणि तीन रंगांत रंगवा. अर्धी भांडणं तिथेच मिटतील, उरलेली अर्धी खेळण्यासारखी होतील.

आणि तुमच्या इन्स्पेक्टरसाठी १९६७च्याच करारातलं बारावं कलम. चंद्रावरची किंवा इतर ग्रहगोलांवरची स्टेशनं दुसऱ्या देशांच्या प्रतिनिधींना बघायला खुली ठेवायची, पण परस्पर तत्त्वावर, आणि येणाऱ्याने आधी कळवायचं. म्हणजे इन्स्पेक्टर युनियनच्या भागात जाऊ शकतो, पण आधी कळवून, आणि मग युनियनचा माणूसही आरमाराच्या जहाजावर तपासणीला येऊ शकतो. बघा कसा विचार करून वॉरंट काढतो ते.

— — —

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत. त्यात पाठलागाची भर घाला, आमच्या टेबलवर तुफान चाललं ते. १९८२च्या समुद्री कायद्यात परक्या जहाजाचा पाठलाग आपल्या हद्दीत सुरू करून बाहेर खुल्या समुद्रापर्यंत नेता येतो, पण अटी आहेत. आधी थांबण्याचा सिग्नल द्यायचा, तोही समोरच्याला दिसेल किंवा ऐकू जाईल इतक्या अंतरावरून. पाठलाग मधे तुटता कामा नये. आणि समोरचा त्याच्या स्वतःच्या किंवा तिसऱ्या देशाच्या प्रादेशिक समुद्रात, म्हणजे किनाऱ्यापासून जास्तीत जास्त १२ सागरी मैलांच्या पट्ट्यात, शिरला की हक्क संपला.

आता हे तुमच्या स्टेशनवर आणा. इन्स्पेक्टर मागे धावतोय, समोरचा युनियनच्या दाराकडे पळतोय, सगळ्यांना माहितीये की दार ओलांडलं की सुटला. कुणाचं चालतं हा वादच नाही, कोण आधी पोचतं एवढंच. फासे टाका.

— — —

प्रतिसाद ३

रँकवरच चालवायचं असेल तर पॅरानोया बघा, १९८४चा गेम आहे, इन्फ्रारेडपासून अल्ट्राव्हायोलेटपर्यंत रंगांची उतरंड आणि प्रत्येक जण आतून एखाद्या बंदी घातलेल्या गुप्त संघटनेचा सदस्य. पण तिथे अधिकार हा विनोद आहे आणि कॅरेक्टर मेलं तर क्लोन हजर. तुमचे प्लेयर सिरियस दिसतात, त्यांना झेपणार नाही :)

— — —

प्रतिसाद ४

मी थोडं वेगळं म्हणेन. कायद्याचा नकाशा ठीक आहे पण सगळ्यात चांगला लगाम म्हणजे अंतर. ट्रॅव्हलर हा गेम १९७७ पासून यावरच उभा आहे. तिथे एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे उडी मारायला साधारण एक आठवडा लागतो, एक पार्सेक (ताऱ्यांमधलं अंतर मोजायचं एकक) असो की सहा, आणि प्रकाशापेक्षा वेगवान रेडिओ नाही, निरोपसुद्धा जहाजातूनच जातो. त्यामुळे साम्राज्य कितीही मोठं असलं तरी राजधानीला सरहद्दीवर रोज हुकूम सोडता येत नाही, साम्राज्य ताऱ्यांमधली जागा आणि व्यापार सांभाळतं, ग्रह आपापला कारभार बघतात. ही मर्यादा जीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, लादली असं कुणालाच वाटत नाही, कारण ती भौतिकशास्त्राने लादलीये. भौतिकशास्त्राशी कोण भांडणार?

तुमचा खेळ एकाच सूर्यमालेत असला तरी चालतं. पृथ्वी-मंगळ एका बाजूने संदेश जायला ३ ते २२ मिनिटं लागतात, दोन ग्रह कुठे आहेत त्यावर, पट्ट्यात त्याहून जास्त. इन्स्पेक्टरला वॉरंट मुख्यालयातून मागवावं लागू द्या. विचारायला अर्धा तास, उत्तर यायला अर्धा तास. त्या तासाभरात युनियनवाल्यांना काय काय करता येईल ते त्यांनाच सुचेल. आणि थांबायचं नसेल तर इन्स्पेक्टर स्वतःच्या जबाबदारीवर पाऊल उचलेल आणि नंतर मुख्यालयाला उत्तर देईल, तो सीन वेगळाच रंगतो.

व्हेटोबद्दल: व्हेटो काढू नका, महाग करा. प्राचीन रोममधल्या ट्रिब्यूनला, म्हणजे सामान्य लोकांनी निवडलेल्या अधिकाऱ्याला, व्हेटो होता, पण तो स्वतः हजर राहूनच वापरावा लागायचा आणि त्याचा अधिकार शहर आणि भोवतीचा एक मैल एवढ्यातच होता. रात्रीसुद्धा घराचं दार लोकांसाठी उघडं ठेवायचं! तुमच्या कौन्सिलवाल्यांना सांगा, ज्याला अडवायचंय त्याने त्या एअरलॉकपाशी येऊन उभं राहायचं. चॅटमध्ये नुसतं 'व्हेटो' टाइप करून भागणार नाही.

— — —

प्रतिसाद ५

नकाशे, कायदे, प्रकाशाचा वेग, सगळं छान. पण मला त्या म्यूट करून बसलेल्या माणसाची काळजी वाटते. दोन सेशन! त्याच्याशी कुणी बोललं का?

कॅरेक्टरला अटक झाली तर होऊ दे, प्लेयरला नको. आमच्याकडे साधा नियम आहे: हुकूम द्यायचा हक्क ज्याचा त्याचा, पण तो पाळायचा, टाळायचा की मोडायचा हे ज्याचं कॅरेक्टर तोच ठरवणार, आणि मोडला तर काय होईल ते जीएम त्याला आधीच उघड सांगणार. 'ऐकलं नाहीस तर आरमार तुमच्या भागाचा माल अडवेल' असं. मग तो विचार करून नाही म्हणतो किंवा मुकाट्याने जातो, पण निर्णय त्याचाच. कोठडीत गेलाच तर पुढच्या सीनमध्ये त्याच्या हाती काहीतरी असलंच पाहिजे, शेजारच्या कोठडीतला कैदी, चौकशी करणारा लाचखाऊ शिपाई, काहीही.

गटागटांतली लढाई टेबलाबाहेर न्यायची असेल तर स्टार्स विदाऊट नंबर या गेममधला फॅक्शन टर्न, म्हणजे गटांची चाल, वापरा. बळ, धूर्तपणा आणि संपत्ती असे तीन आकडे गटाचे असतात, प्लेयरचे नाहीत, आणि काही मालमत्ता त्या ग्रहाच्या सरकारची परवानगी असल्याशिवाय विकतच घेता येत नाहीत. सेशनच्या मधल्या काळात गट एकमेकांशी भांडतात, प्लेयर त्या भांडणात सापडतात. रँकच्या मागे धावणंही कमी होतं.

— — —

धागाकर्ती

सगळ्यांचे खूप आभार. प्रतिसाद ५, तुमचं वाचून लाजच वाटली, मी नियमांतच अडकले होते. त्याला फोन केला. म्हणाला, अटकेचा राग नव्हता, पण 'तुझं कॅरेक्टर आता काय करतंय' असं दोन सेशनमध्ये एकदाही विचारलं नाहीस. खरंय.

काल रंगवलेला नकाशा घेऊन खेळलो. कळवून तपासणी, दारापर्यंत पाठलाग, आणि वॉरंटला तासाचा उशीर, एवढंच घेतलं, फॅक्शन टर्न नंतर बघू. इन्स्पेक्टरने तपासणीचं पत्र पाठवलं तर युनियनने तासाभरात आख्खी ऑफिसची खोली रंगवून काढली, म्हणाले रंग ओला आहे, आत येता येणार नाही. इतके हसलो सगळे. मग त्यांनी परतफेड म्हणून आरमाराच्या शस्त्रागाराची तपासणी मागितली आणि इन्स्पेक्टरचा चेहरा बघण्यासारखा झाला.

पण एक गुंता उरलाय. नकाशात मधली मुख्य मार्गिका राहिली. ती कंपनीच्या करारात आहे, तिच्यातले हवेचे पाइप युनियनचे, आणि स्टेशनची सगळी माणसं तिथूनच ये-जा करतात. पाठलाग तिथे आला की तिघं पुन्हा माझ्याकडे बघतात. कुणाच्या रंगात रंगवू?

— — —

प्रतिसाद ४

कुणाच्याच नको. खुला समुद्र समजा, पाठलाग चालू राहील, पण तिथे नवा सुरू करता येणार नाही.

— — —

प्रतिसाद १

किंवा तुम्ही रंगवूच नका. पुढचं सेशन त्या मार्गिकेच्या तहाचंच ठेवा, रंग ते तिघं भांडून ठरवतील. तुम्ही फक्त ब्रश द्या.

— — —

धागाकर्ती

हे आवडलं. शुक्रवारी तह. काय होतंय ते इथेच कळवते.