अनुभव धागा : गावाकडच्या माणसांना इंटरनेट शिकवताना

वारणानगर परिसरातली ७० गावं संगणकानं जोडायचा प्रकल्प १९९८ मध्ये सुरू झाला. उसाची नोंद, वजन, बिल गावातल्या केंद्रात कळू लागलं, पण कळफलकावर बोटं केंद्रातल्या माणसाचीच. आता फोन खिशात आलाय, तरी ओटीपी आला की तो दुसऱ्याच्या हातात जातो. 'आणा इकडं, मी करून देतो' म्हणजे शिकवणं नव्हे, असं माझं ठाम मत आहे. घरी, शेजारी, बचत गटात कुणाला शिकवलं असेल तर सविस्तर लिहा.

शिरोळहून, बचत गटातली एक
आमच्या बायकांचं बोट स्क्रीनवर दाबून राहतं. हलकं टेकवून उचलायची हाताला सवयच नसते. दाबून धरलं की भलतंच काहीतरी उघडतं, चिन्हं जागची हलतात, की मावशी फोन खाली ठेवतात, "मोडला बाई!" म्हणून आम्ही सुरुवात कॅल्क्युलेटरपासून करतो. गटाच्या बचतीची बेरीज करायची. टेकवा, उचला. आकडा चुकला तर पुसता येतो, पैसे कुठं जात नाहीत. भीती गेली की माईकचं बटण. एका काकूंना 'कोल्हापूर'मधला 'ल्हा' काही केल्या सापडेना. माईक दाबून बोलल्या आणि अक्षरं उमटली, तेव्हा सगळ्याजणी त्या फोनवर वाकल्या. मग प्रत्येकीला आपल्या गावाचं नाव बोलून बघायचं होतं. त्या दिवशी दुसरं काही शिकवलंच नाही.

गगनबावडा
आण्णांना ई-पीक पाहणी, म्हणजे शेतातल्या पिकाची सरकारी ॲपवर नोंद करायला शिकवली. शिवारात रेंज नाही, पावसाळ्यात तर विचारूच नका. फोटो शेतातच काढायचा, माहिती फोनमध्ये साठते, रेंजमध्ये आल्यावर अपलोड करायची. आण्णा फोटो काढला की नोंद झाली समजायचे. आता रस्त्यावर येऊन अपलोड झाल्याचं बघितल्याशिवाय घरी येत नाहीत.

कागल, सेवा केंद्र चालवतो
मत पटतं, पण ई-केवायसीची (सरकारी योजनेसाठी ओळख पटवायची) मुदत जवळ आली की दारात रांग असते. तेव्हा शिकवत बसलो तर मागच्याचा हप्ता अडकेल. भांगलण करून बोटांच्या रेषा झिजलेल्या, मशीन ठसा घेत नाही. ओटीपी मागवावा तर आधारला नंबर मुंबईच्या पोराचा! आधी तो नंबर बदलून घ्या, शिकवणी नंतर.

धागाकर्ती
नंबरचं अगदी खरं. रांगेपुढं माझाही इलाज नाही. पण ओटीपीचा मेसेज तेवढा त्यांनाच उघडायला लावा, एवढी विनंती.

चंदगड, शिक्षिका
मी एकच गोष्ट घोकून घेते : पैसे येताना पिन लागत नाही, जाताना लागतो. 'रक्कम जमा करायचीय, पिन टाका' म्हणणारा चोरच. आणि १९३० हा ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर फोनच्या कव्हरवर मार्करनं लिहून देते.

राधानगरी
२०१७ च्या डिजिटल साक्षरता अभियानात घरटी एकालाच शिकवायचं होतं. आमच्या वाडीत तो एक म्हणजे घरातला पोरगा. फोनही एकच, तो घेऊन पोरगा कामावर जातो. आईनं शिकायचं कधी?

शिरोळहून, बचत गटातली एक
आम्ही गटाच्या पैशातून एक फोन घेतलाय. दुपारी पाळीपाळीनं वापरतो, वहीत नाव लिहून. बँकेचं काम त्यावर करायचं नाही हे पहिल्याच बैठकीत ठरवलं. तुमच्या वाडीत गट असेल तर विषय काढून बघा.