मदत हवी आहे: फायरवॉल सुरू ठेवून घरातला प्रिंटर कसा चालवायचा?

नमस्कार मंडळी. आम्ही इंदूरला, भंवरकुआच्या बाजूला राहतो. खाली आम्ही, वरच्या खोल्यांत पीएससीची तयारी करणारी मुलं भाड्यानं. वाय-फाय एकच, तेही भाड्यातच धरलेलं.

हॉलमध्ये सासऱ्यांचा डेस्कटॉप आहे, विंडोज ११. त्याला प्रिंटर यूएसबीनं जोडलाय आणि शेअर करून मी माझ्या लॅपटॉपवरून प्रिंट देते. दिवाळीच्या सुमारास प्रिंट जाणं एकाएकी बंद झालं. दुरुस्तीला आलेल्या भैयांनी फायरवॉलच (नेटवर्कवरून कॉम्प्युटरमध्ये नको ते येऊ न देणारा पहारा) बंद केली, कागद खर्रकन बाहेर आला, पैसे घेऊन ते गेले. तेव्हापासून प्रिंट झकास, पण खालच्या कोपऱ्यातल्या ढालीवर लाल फुली. सासरे रोज चहाच्या वेळी विचारतात, "सूनबाई, ही फुली कसली?"

फायरवॉल सुरू केली की प्रिंटर लगेच ऑफलाइन दिसतो. यजमानांचं म्हणणं, राउटर आहे ना मध्ये, मग कॉम्प्युटरवर वेगळी फायरवॉल हवी कशाला? मला ते पटत नाही, पण उत्तरही देता येत नाही. जाणकारांनी सांगावं.

दांडियाबाजार, वडोदरा: ताई, आधी एक बघा. विंडोज सिक्युरिटीत 'फायरवॉल अँड नेटवर्क प्रोटेक्शन' उघडा. डोमेन, प्रायव्हेट, पब्लिक अशी तीन नावं दिसतील. 'अ‍ॅक्टिव्ह' कोणापुढे लिहिलंय? माझी पैज पब्लिकवर. आणि दिवाळीच्या सुमारास राउटर बदलला होता का?

धागाकर्ती: पब्लिकच आहे! आणि हो, तेव्हाच फायबरचं कनेक्शन घेतलं, त्यांनी नवा राउटर बसवला. तुम्हाला कसं कळलं?

दांडियाबाजार, वडोदरा: अहो, नेहमीचंच आहे हे. नवं नेटवर्क दिसलं की विंडोज ११ त्याला आपणहून पब्लिक धरतं, म्हणजे स्टेशनवरच्या वाय-फायसारखं परकं. तिथे फाइल आणि प्रिंटर शेअरिंग बंद असतं, आणि ते योग्यच आहे. फायरवॉल तिचं काम चोख करत होती. भैयांनी कुलूप उघडायचं सोडून दारच काढून नेलं.

आता सेटिंग्जमध्ये 'नेटवर्क अँड इंटरनेट', मग वाय-फाय (तार लावली असेल तर इथरनेट), आणि त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये 'प्रायव्हेट नेटवर्क' निवडा. मग फायरवॉल तिन्ही ठिकाणी सुरू करा. नुसती प्रायव्हेटला नाही, तिन्ही. त्याच पानावर खाली 'अलाऊ अ‍ॅन अ‍ॅप थ्रू फायरवॉल' आहे, त्यात 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग'ला प्रायव्हेटच्या रकान्यात टिक हवी. पब्लिकच्या रकान्यात असेल तर काढा. भैयांनी आणखी काही उलटंसुलटं केल्याची शंका असली तर 'रिस्टोअर फायरवॉल्स टू डीफॉल्ट'ही तिथेच आहे, पण ते केलंत तर आधी कोणी बनवलेले नियमही पुसले जातील.

धागाकर्ती: झालं! फुली गेली, प्रिंटही आली. सासरे खूश. आता यजमानांना काय सांगू?

लष्करकर, ग्वाल्हेर: जरा थांबा. यजमानांना सांगा की राउटर बाहेरून येणाऱ्याला अडवतो. पण वरच्या मुलांचे लॅपटॉप राउटरच्या आतच आहेत. त्यांच्यापैकी एकाला काही बाधा झाली तर मध्ये फक्त डेस्कटॉपची फायरवॉल उभी. मे २०१७ मधलं वॉनाक्राय, फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारं ते सॉफ्टवेअर, आठवतंय? ते एका मशीनमधून दुसऱ्यात पोर्ट ४४५ वरून (पोर्ट म्हणजे कॉम्प्युटरचं नेटवर्कसाठीचं क्रमांक दिलेलं दार) पसरत होतं, आणि विंडोजचं शेअरिंगही तेच पोर्ट वापरतं. ज्या फटीतून ते शिरत होतं ती मायक्रोसॉफ्टनं त्याआधीच, मार्चच्या अपडेटमध्ये बुजवली होती. ज्यांनी अपडेट घातलं नव्हतं ते सापडले.

म्हणून भाडेकरू असलेल्या घरात नुसतं प्रायव्हेट करून भागत नाही. रनमध्ये (विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबून उघडणारी चौकट) 'डब्ल्यूएफ डॉट एमएससी' टाका (अक्षरं इंग्रजीत, डॉटच्या जागी टिंब). 'इनबाउंड रूल्स'मध्ये फाइल अँड प्रिंटर शेअरिंगचे बरेच नियम दिसतील. त्यातले प्रायव्हेटचे आणि हिरवी खूण असलेले एकेक उघडा, 'स्कोप'मध्ये जा. 'रिमोट आयपी अ‍ॅड्रेस'ला लोकल सबनेट लिहिलेलं असेल, म्हणजे तुमच्या वाय-फायवरचं कुणीही. त्या जागी फक्त तुमच्या लॅपटॉपचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा पत्ता, घाला. राउटरमध्ये तो आयपी लॅपटॉपच्या नावे राखून ठेवा, नाहीतर बदलला की प्रिंटर परत ऑफलाइन आणि भैया परत दारात.

दांडियाबाजार, वडोदरा: लष्करकर, बरोबर आहे, पण एवढी खटपट कशाला? राउटरमध्ये गेस्ट वाय-फाय सुरू करा, मुलांना त्याचा पासवर्ड द्या आणि मुख्य वाय-फायचा पासवर्ड बदला. विषय संपला.

लष्करकर, ग्वाल्हेर: गेस्टवाले घरच्या मशीनपर्यंत पोचतात की नाही हे राउटरच्या सेटिंगवर असतं. आयसोलेशन, म्हणजे गेस्टवाल्यांना घरच्या मशीनपासून वेगळं ठेवणं, सुरू आहे ना, तेवढं बघून घ्या. असेल तर माझी काही हरकत नाही.

धागाकर्ती: आमच्या राउटरमध्ये गेस्ट दिसतंय, आयसोलेशनची टिकही आहे. तेच करते. यजमानांना वॉनाक्राय वाचून दाखवलं, ते आता गप्प आहेत.

लष्करकर, ग्वाल्हेर: उत्तम. फक्त मुलांना आधी सांगून ठेवा. ऐन पेपरच्या आदल्या रात्री पासवर्ड बदललात तर खाली हॉलमध्ये मोर्चा येईल.