मदत हवी आहे: फुफाट्यातल्या गाडीची सर्व्हिस किलोमीटरवर की तासांवर?

भावांनो, मी पाटोद्याकडचा. हिरोची एक्सपल्स बाईक आहे, रोज शेतात आणि रविवारी बालाघाटच्या माळावर. महिन्याला जेमतेम 400 किलोमीटर होतात, पण निम्मे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच. त्यामुळं पुस्तकातला किलोमीटरचा हिशोब मला पटत नाही. तुम्ही ऑइल बदलायला इंजिन चाललेले तास मोजता का?

परवा एअर फिल्टर उघडला तर मूठभर माती निघाली. फोमचा बसवलाय, साबणाच्या पाण्यात धुतो, सावलीत वाळवतो, फिल्टर ऑइल चोळून पिळतो. दर राईडला धुवावा लागतो का? की दोन फोम ठेवून आलटून-पालटून वापरायचे?

पावसाळ्यात काळी माती चिकटली की चेन-स्प्रॉकेट गच्च. ओ-रिंग चेन (कड्यांमध्ये रबरी रिंगा असलेली) आहे, म्हणून पेट्रोल आणि तारेचा ब्रश टाळतो. मागं वॉशिंगला प्रेशरचं पाणी थेट हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) मारलं, तेव्हापासून मागचं चाक करकरतंय. बेअरिंग गेलं असणार, चूक माझीच.

आता मुख्य अडचण: पुढच्या उजव्या फोर्कला (शॉकअपला) तेल अडवणाऱ्या रबरी सीलपाशी तेलाची ओल दिसते. मेकॅनिक म्हणतो, "चालतंय की." जुन्या एक्स-रेची पट्टी कापून सीलमधली माती काढायचं कुणी करून बघितलंय का? की सरळ सील बदलू?