मार्नर गेल्यावर लीफ्स: हातातले पावणेतीन मिलियन आत्ता वापरायचे की मार्चपर्यंत राखायचे?

स्कारबरोकर (ऑगस्टअखेर, 2025)

मंडळी, एनएचएल या आइस हॉकी लीगमधल्या टोरंटो मेपल लीफ्सच्या उन्हाळी घडामोडी आता थंडावल्यात, म्हणून एकदा नीट हिशेब मांडू या.

मिच मार्नर वेगासला गेला, 8 वर्षं, दरसाल 12 मिलियन डॉलर. बदल्यात निकोला रॉय आला. मॅथ्यू नाइजचा करार 6 वर्षांचा, 7.75 चा. जॉन टव्हारेस 11 वरून 4.39 वर उतरला. युटाकडून मटियास माचेली (3.425), व्हॅन्कूव्हरकडून डकोटा जोशुआ (3.25). निक रॉबर्टसन एका वर्षासाठी 1.825 वर. कॅप, म्हणजे संघाच्या एकूण पगाराची मर्यादा, यंदा 95.5 मिलियन.

14 फॉरवर्ड, 7 डिफेन्समन आणि 2 गोली धरले तर माझी बेरीज 92.7 च्या आसपास येते. म्हणजे साधारण 2.8 शिल्लक.

प्रश्न दोन. आपला पहिला सेंटर ऑस्टन मॅथ्यूज, त्याच्या उजव्या बाजूला खेळवायचं कोणाला? आणि ट्रेनिंग कॅम्पच्या आधी डेव्हिड कॅम्फ (2.4), कॅले यार्नक्रोक (2.1) किंवा रॉबर्टसन यांच्यापैकी कोणाला देऊन एखादा खरा टॉप-सिक्स विंगर (तिघातिघांच्या पहिल्या दोन लाइनींत कडेला खेळणारा फॉरवर्ड) आणावा का? माझं मत आणावा असंच आहे. फ्लोरिडाने सातव्या सामन्यात घरच्या बर्फावर 6-1 ने धुतल्यानंतर तेच आक्रमण थोडं स्वस्तात घेऊन उतरण्यात अर्थ नाही.

कॅपचा_हिशेब

बेरीज बरोबर आहे, निष्कर्ष पटला नाही. 2.8 ही आजची किंमत आहे, मार्चची नव्हे.

कॅप रोजच्या रोज मोजली जाते. मोसम साधारण 190 दिवसांचा असतो आणि खेळाडूचा वार्षिक आकडा त्या दिवसांत विभागून खात्यावर पडतो. न वापरलेली जागा साठत जाते. यंदाची ट्रेड डेडलाइन, म्हणजे खेळाडूंच्या अदलाबदलीची शेवटची तारीख, 6 मार्च 2026 ला आहे. तेव्हा चाळीसेक दिवस उरलेले असतील, म्हणजे पहिल्या दिवसापासून 1 मिलियन मोकळं ठेवलं तर त्या दिवशी साधारण साडेचार मिलियनचा करार घेता येतो. 2.8 जशीच्या तशी राहिली तर 12 च्या पुढे जाते. तशी ती राहणार नाही. कोणी जायबंदी होतं, मार्लीज या आपल्या खालच्या संघातून माणूस वर बोलवावा लागतो, आणि त्याचेही दिवस मोजले जातात. तरी निम्मी उरली तर सहा मिलियनचा खेळाडू बसतो. आज त्याच पैशात मिळतो तो तिसऱ्या लाइनचा विंगर.

दोन अटी मात्र लक्षात ठेवा.

पहिली: संघ दीर्घकालीन दुखापत यादीची सवलत वापरायला लागला की साठवण थांबते. त्यामुळे मोसमाच्या सुरुवातीला कोणी महिनाभर बाहेर गेला तर त्याला घाईघाईने त्या यादीत टाकून जागा मिळवण्याचा मोह टाळायचा. साध्या दुखापत यादीत ठेवलं तर पगार कॅपवर राहतो, पण साठवण चालू राहते.

दुसरी अट यंदा नवी आहे. प्लेऑफमध्ये आता कॅप लागू झाली आहे. त्या सामन्यात बर्फावर उतरणाऱ्या 20 जणांच्या पूर्ण वार्षिक आकड्यांची बेरीज 95.5 च्या आत बसायला हवी. हा हिशेब करूनच मार्चची खरेदी ठरवावी लागेल. तुमच्या 23 मधून कॅम्फ, यार्नक्रोक आणि फिलिप मायर्स (0.85) बाहेर बसवले तर 20 जणांचे 87.35 होतात. नवा विंगर रॉबर्टसनच्या जागी आला तर 85.5 अधिक त्याचा पगार. म्हणजे साठवण कितीही झाली तरी दहा मिलियनच्या वरचा माणूस आणून उपयोग नाही, कारण त्याला खेळवायला आणखी कोणीतरी बाहेर बसवावा लागेल.

उजवी_विंग

पैशाचं ठीक आहे, पण मार्नर गेल्यावर नक्की काय गेलं ते आधी बघू या. 102 पॉइंट्स (गोल अधिक असिस्ट), त्यात 75 असिस्ट (गोलाला हातभार लावणारे पास), हा आकडा सगळ्यांना पाठ आहे. आकड्यामागचं काम तीन ठिकाणी विभागलेलं होतं आणि तिन्ही जागा एका खेळाडूने भरून निघणार नाहीत.

ब्लू लाइन ओलांडणं, म्हणजे समोरच्याच्या झोनमध्ये शिरणं. मार्नर उजव्या कडेने पक (खेळायची चकती) घेऊन आत शिरायचा, बोर्डच्या कडेला वेग कमी करायचा आणि डिफेन्समन जवळ येईपर्यंत पक धरून ठेवायचा. त्या दीड-दोन सेकंदांत मॅथ्यूज डाव्या सर्कलच्या वरच्या बाजूला मोकळा व्हायचा. मग आडवा पास. मॅथ्यूजला स्वतः पक आत न्यावा लागत नव्हता, तो शॉट मारायच्या जागी पोहोचायचा. आता हे काम नीलॅन्डर करू शकतो, पण त्याला पहिल्या लाइनवर घेतलं की टव्हारेसच्या 38 गोलांमागचा जोडीदार गेला.

पॉवर प्ले, म्हणजे समोरचा खेळाडू शिक्षेवर बाहेर असताना. मागच्या मोसमाच्या उत्तरार्धात लीफ्स पाच फॉरवर्ड खेळवत होते आणि मार्नर वर पॉइंटला, ब्लू लाइनपाशी, असायचा. आता तिथे मॉर्गन रायली परत येणार. रायलीचा शॉट सरळ असतो, पण डावीकडून उजवीकडे पक फिरवून गोलीला सरकवत ठेवण्याचं कसब मार्नरइतकं नाही. नाइज नेटसमोर, टव्हारेस मध्ये, मॅथ्यूज आणि नीलॅन्डर दोन कडांना, वर रायली: हीच पाच जणांची रचना मला दिसते.

पेनल्टी किल, म्हणजे आपला खेळाडू शिक्षेवर असतानाचा बचाव. इथेच भरपाई सगळ्यांत सोपी आहे. रॉय, स्कॉट लॉटन, स्टीव्हन लॉरेन्ट्झ, जोशुआ, चौघेही हे काम करतात. शिवाय संघातल्या सेंटरमध्ये उजव्या हाताचा रॉय एकटाच. उजव्या बाजूच्या वर्तुळात, आपल्याच झोनमध्ये, एक खेळाडू कमी असताना फेसऑफ घ्यायचा असेल तर त्याची किंमत कळते. मॅथ्यूजला किलमधून थोडी सुट्टी देता आली तर त्याचे पायही ताजे राहतील.

म्हणून माझी पहिली लाइन: नाइज, मॅथ्यूज, माचेली. दुसरी: मॅकमॅन, टव्हारेस, नीलॅन्डर. तिसरी: जोशुआ, रॉय, डोमी. चौथी: लॉरेन्ट्झ, लॉटन आणि रॉबर्टसन किंवा यार्नक्रोक.

स्कारबरोकर

माचेली पहिल्या लाइनवर? मागच्या वर्षी 55 सामन्यांत 18 पॉइंट्स, आणि शेवटी शेवटी युटाने त्याला निरोगी असताना बाहेर बसवलं होतं.

उजवी_विंग

हो, आणि त्याआधीच्या दोन वर्षांत ॲरिझोनासाठी 49 आणि 57. त्या 57 मध्ये 40 असिस्ट आहेत. तो आधी पास शोधतो, शॉट नंतर. निक ब्यूगस्टॅड आणि लॉसन क्राउस यांच्यासारख्या नेटकडे धावणाऱ्या मोठ्या खेळाडूंसोबत तो खुलला होता. नाइज त्याच जातीचा आहे आणि शॉट मारायला मॅथ्यूज आहे. खेळ कसा आहे ते बघून त्याला जागा द्यायची तर ती हीच. चौथ्या लाइनवर ठेवलात तर युटात झालं तेच होईल, कारण त्याच्यात धक्काबुक्कीचा खेळ नाही आणि कोच बेरुबी खालच्या लाइनींकडून तोच मागतो.

अडचण कुठे येईल तेही सांगतो. बेरुबीला पक खोलात टाकून मागे धावणारा फोरचेक हवा असतो. माचेली पक हातातून सोडत नाही. ब्लू लाइनवर दोन-तीनदा पक गमावला की तो बाकावर बसणार. पहिल्या पंधरा सामन्यांत हे पाहायचं: तो पक आत नेताना किती वेळा गमावतो आणि मॅथ्यूजला किती शॉट मिळतात. पॉइंट्स नंतर बघू.

किंमतही वाजवी होती. 2027 च्या ड्राफ्टमधला (नव्या खेळाडूंची निवड) तिसऱ्या फेरीचा पिक. लीफ्स प्लेऑफमध्ये गेले आणि माचेलीने 51 पॉइंट्स केले तरच तो 2029 चा दुसऱ्या फेरीचा होतो. 51 केले तर ती किंमत आनंदाने द्यावी.

वॅन्कूव्हरवासी

जोशुआबद्दल थोडं, कारण त्याला इथे जवळून पाहिलंय. 2023-24 मध्ये 63 सामन्यांत 18 गोल होते, पण शूटिंग टक्केवारी वीसच्या पुढे होती. ती कोणाचीच टिकत नाही. 12 ते 14 गोल धरून चाला. त्या वर्षी तो टेडी ब्लूगर आणि कॉनर गार्लंडसोबत होता. गार्लंड बोर्डवर पक जिंकायचा, जोशुआ नेटसमोर उभा राहायचा. मागच्या मोसमात शस्त्रक्रियेमुळे तो उशिरा आला, उन्हाळ्याची तयारी बुडाली आणि वेग कधी परत आलाच नाही. यंदा पूर्ण उन्हाळा मिळालाय.

धोका पैशात नाही, मुदतीत आहे. करार अजून 3 वर्षांचा. 2028 चा चौथ्या फेरीचा पिक देऊन इतका मोठा, हिट मारणारा आणि किल करणारा विंगर मिळाला, पण पाय मंदावले तर तिसऱ्या वर्षी 3.25 जड जातील. डोमीसोबत तिसऱ्या लाइनवर ठेवाल तर दोघांपैकी आधी मागे कोण येणार हे ठरवून घ्या. डोमी येणार नाही.

चौथी_लाइन

कॅम्फला कोणी घेणार नाही असं धरून चालतात लोक. वेव्हरवर टाकलं, म्हणजे बाकी संघांना उचलायची संधी देऊन खाली पाठवलं, तर नक्की किती वाचतं?

कॅपचा_हिशेब

यंदा मायनरमध्ये पाठवलेल्या खेळाडूचे जास्तीत जास्त 1.15 मिलियन कॅपवरून उतरतात. किमान पगार 0.775, अधिक 0.375. कॅम्फचे 2.4, म्हणजे मार्लीजकडे गेला तरी 1.25 कॅपवर राहतात. यार्नक्रोकचे 0.95 राहतात. दुसऱ्या संघाने 24 तासांत क्लेम केला तर पूर्ण रक्कम मोकळी.

बायआउटचा, म्हणजे पैसे देऊन करार मोडण्याचा, विचार सोडा. त्याची नेहमीची मुदत जूनअखेर संपली, आणि 26 च्या वरच्या खेळाडूला उरलेल्या पगाराचे दोन तृतीयांश दुप्पट वर्षांत द्यावे लागतात. कॅम्फची 2 वर्षं उरलीत, म्हणजे 4 वर्षं कॅपवर ओझं. चौथ्या लाइनच्या सेंटरसाठी 2028-29 पर्यंत हिशेबात खोट ठेवणं मला मान्य नाही.

ट्रेडमध्ये पगाराचा काही भाग आपण ठेवून घेणं हा तिसरा मार्ग. कमाल 50 टक्के, आणि एका वेळी संघाला असे तीनच करार ठेवता येतात. लॉटन आपल्याला 1.5 ला पडतो तो फिलाडेल्फियाने निम्मा पगार ठेवल्यामुळेच. कॅम्फचे 1.2 ठेवून त्याला दिला तर मार्लीजपेक्षा जेमतेम पन्नास हजारांचा फायदा, आणि एक जागा अडते ती वेगळी. अशी जागा मार्चमध्ये उपयोगी पडते. वेव्हरच बरा.

स्कारबरोकर

मग रॉबर्टसनला का नाही टाकायचं? कॉवनला जागा हवीच आहे.

उजवी_विंग

रॉबर्टसनला वेव्हर लागतो, कॉवनला लागत नाही. सगळा फरक इथे आहे. ईस्टन कॉवन मेमोरियल कपचा सर्वोत्तम खेळाडू ठरलाय आणि 20 पूर्ण असल्याने तो यंदा थेट मार्लीजकडे खेळू शकतो. त्याला ऑक्टोबरमध्ये खाली ठेवा, रोज वीस मिनिटं बर्फ द्या, डिसेंबरमध्ये वर आणा. काही गमवावं लागत नाही. रॉबर्टसनला वेव्हरवर टाकलंत तर 1.825 मध्ये पंधरा गोल मारणारा विंगर कोणीतरी फुकट उचलेल. यार्नक्रोक त्याच्या आधी जावा, कराराचं शेवटचं वर्ष आहे आणि तो उरलाच तर जायबंदीच्या वेळी वर आणता येईल.

आणि स्कारबरोकर, तुम्हाला हवा तो टॉप-सिक्स विंगर आज मागायला गेलात तर समोरचा कॉवनच मागणार. द्यायला दुसरं आहे काय? 2026 चा पहिल्या फेरीचा पिक डिफेन्समन कार्लोसाठी बॉस्टनला गेला, पहिल्या पाचात आला तरच वाचतो. 2027 चा लॉटनसाठी फिलाडेल्फियाला. 2028 चा तेवढा आपल्याकडे आहे.

स्कारबरोकर

पिकचा मुद्दा मान्य. कॉवन देऊन 30 गोलांचा विंगरही मला नको. पण मार्चपर्यंत थांबायचं तर पहिले तीन महिने संघ टिकायला हवा, आणि मॅथ्यूज मागच्या मोसमासारखा 67 सामनेच खेळला तर माचेली-डोमीवर आक्रमण तरणार नाही. मी डिसेंबरअखेरची रेषा आखेन. तोवर पहिल्या लाइनचं उजवं टोक बसलं नाही तर साठलेली जागा तेव्हाच वापरावी.

कॅपचा_हिशेब

डिसेंबरअखेर साधारण 86 दिवस झालेले असतील, म्हणजे 1 मिलियनचे जवळपास 1.8 होतात. 2.8 अख्खी राहिली तर पाच मिलियनचा खेळाडू तेव्हाही बसतो. मात्र 20 डिसेंबरपासून सुट्टीतली रोस्टर बंदी लागते, खेळाडू हलवता येत नाहीत, त्यामुळे ठरवायचं असेल तर त्याच्या आठवडाभर आधी ठरवा. आणि कॅम्फला वेव्हरवर टाकायचं ते कॅम्पच्या शेवटच्या आठवड्यात, जेव्हा बत्तीसही संघ आपापली माणसं खाली पाठवत असतात. त्या गर्दीत क्लेम होण्याची शक्यता कमी, पण तो उरला तर 1.15 ची साठवण पहिल्याच दिवसापासून सुरू होते. लीफ्सचा पहिला सामना 8 ऑक्टोबरला माँट्रियलशी आहे, पण सगळ्या संघांना याद्या 6 ऑक्टोबरच्या संध्याकाळपर्यंत द्यायच्या आहेत, म्हणून त्याआधी हे उरकलेलं हवं.

चौथी_लाइन

क्लेमचा अग्रक्रम कसा ठरतो मग? मागच्या वर्षीच्या गुणतक्त्यावर?

कॅपचा_हिशेब

1 नोव्हेंबरपर्यंत हो, मागच्या मोसमात जो तळाला त्याला आधी संधी. नंतर चालू मोसमाच्या तक्त्यावर. म्हणजे ऑक्टोबरमध्ये सॅन होजे आणि शिकागो सगळ्यांच्या पुढे. दोघांकडे कॅपची भरपूर जागा आहे, त्यामुळे रॉबर्टसनला तर चुकूनही तेव्हा टाकू नये.